नोंदवहीची साक्ष

क्रिकेटच्या मैदानावर पंच उभे असतात. कुस्तीच्या आखाड्यांतहि पंच असतात; आणि त्यांची नजर क्षणभर चुकलीच, तरी भोंवतीं बसलेल्या हजारों प्रेक्षकांची चुकत नाहीं. हौशी रेडिओची स्पर्धा हा मात्र असा एक खेळ आहे कीं, त्यांतला खेळाडू आपल्या घरच्या एका खोलींत दार लोटून, कानांवर हेडफोन चढवून एकटा बसलेला असतो. त्याचे प्रतिस्पर्धी हजारों मैलांवर आपापल्या खोल्यांत तसेच एकटे बसलेले असतात. खेळ चालू असतांना त्याला कोणी पाहत नाहीं. त्यानें खरोखर काय ऐकलें, काय लिहिलें, यंत्राची शक्ति किती ठेवली, हें त्याचें त्यालाच ठाऊक असतें. अशा खेळांत जय कोणाचा हें ठरवावयाचें कसें? आणि ठरविलें, तरी हरलेल्यानें तें मानावयाचें कां?

ह्या प्रश्नाचें उत्तर हौशी मंडळींनीं गेल्या शंभर वर्षांत स्वतःच घडविलें आहे. तें उत्तर म्हणजे नोंदवही. किती वाजतां, कोणत्या लहरीवर, कोणाशीं आणि काय बोलणें झालें, ह्याची ओळीमागून ओळ लिहिलेली ती एक साधी नोंद असते. दुकानदाराची रोजकीर्द जशी, तशीच ही. फरक एवढाच कीं, येथें प्रत्येकाच्या वहींतील प्रत्येक ओळीची जोड दुसऱ्या कोणाच्या तरी वहींत सांपडावी लागते.

हौशी रेडिओ म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. धंद्यासाठीं नव्हे, तर विद्येच्या आणि संभाषणाच्या आवडीनें चालविलेलें खाजगी बिनतारी केंद्र म्हणजे हौशी केंद्र. तें चालविण्यासाठीं सरकारी परीक्षा उत्तीर्ण व्हावें लागतें आणि परवाना घ्यावा लागतो. परवान्याबरोबर प्रत्येकास अक्षरांचें व अंकाचें एक संकेतनाम मिळतें. भारतांतील बहुतेक संकेतनामें ‘व्हीयू २’ किंवा ‘व्हीयू ३’ ह्यांनीं सुरू होतात. अंदमान-निकोबारचीं ‘व्हीयू ४’ नें आणि लक्षद्वीपचीं ‘व्हीयू ७’ नें. ह्या संकेतनामाखेरीज हवेंत माणसाला दुसरें नांव नाहीं. तें चुकलें कीं, माणूसच चुकला.

स्पर्धेचें बीज मात्र स्पर्धेंत नव्हतें. तें एका शंकेंत होतें. हौशी माणसाच्या लहानशा यंत्राची हांक अटलांटिक महासागर ओलांडते काय, अशी ती शंका होती. १९२१ साली अमेरिकन रेडिओ रिले लीग ह्या हौशी मंडळींच्या संघानें पॉल गॉडली ह्या तज्ज्ञास ऐकण्यासाठीं स्कॉटलंडला पाठविलें. आर्ड्रोसन गांवच्या समुद्रकांठीं, थंडींत आणि पावसांत, गॉडलीनें तंबू ठोकला, सुमारें १३०० फूट लांबीची एरियलची तार ताणली आणि रात्रीमागून रात्र तो कान देऊन बसला. त्याच्या सोबतीला मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक होता. गॉडली जें ऐकल्याचें सांगतो तें खरोखर ऐकूं येतें काय, हें पाहण्यासाठींच तो तेथें होता. अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांत ग्रीनिच येथें उभारलेल्या ‘वन् बीसीजी’ ह्या हौशी केंद्राचा पूर्ण संदेश त्या तंबूंत लिहून घेतला गेला. समुद्र ओलांडला गेला, हें जगानें मानलें; कारण ऐकणारा एक होता आणि साक्षीदार दुसरा होता.

पुढें दोन वर्षांनीं, १९२३ च्या नोव्हेंबरांत, फ्रान्समधील नीस येथून आणि अमेरिकेंतून दोन हौशी केंद्रांनीं एकमेकांशीं दुतर्फा संभाषण केलें. एकदां हें साधल्यावर ‘ऐकूं येतें काय’ हा प्रश्न मागें पडला आणि ‘किती जणांशीं बोलतां येतें’ हा प्रश्न पुढें आला. लीगनें १९२७ साली तशी योजना मांडली, आणि १९२८ साली जी आंतरराष्ट्रीय चढाओढ झाली ती ह्या प्रकारची पहिली स्पर्धा समजली जाते. मागाहून १९३० साली ‘स्वीपस्टेक्स’ ही अमेरिकेंतल्या अमेरिकेंत व कॅनडाशीं चालणारी स्पर्धा सुरू झाली. १९३३ साली तंबूंत बसून, वीजकंपनीच्या तारेचा आधार न घेतां केंद्र चालविण्याचा ‘फील्ड डे’ सुरू झाला. आणि १९४८ साली ‘सीक्यू’ ह्या अमेरिकन मासिकानें सर्व जगाची स्पर्धा सुरू केली. आतां खेळाडू शेंकड्यांनीं, पुढें हजारोंनीं झाले. प्रत्येकाच्या शेजारीं मार्कोनी कंपनीचा निरीक्षक बसविणें शक्य नव्हतें. त्या निरीक्षकाचें काम म्हणूनच नोंदवहीकडे आलें.

सीक्यूच्या ह्या जागतिक स्पर्धेचेच नियम पाहिले म्हणजे खेळाचें स्वरूप स्पष्ट होतें. दरवर्षीं ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवार-रविवारीं ती बोलण्याची होते आणि नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवार-रविवारीं मोर्सच्या कडकट्टाची होते. खेळ अठ्ठेचाळीस तासांचा असतो. जागतिक प्रमाणवेळेप्रमाणें तो शनिवारीं मध्यरात्रीं सुरू होतो, म्हणजे भारतीय घड्याळांत शनिवारीं सकाळीं ५-३० वाजतां. आणि संपतो तो सोमवारीं पहांटे त्याच वेळीं. १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर असे सहा लहरपट्टे असतात. एका पट्ट्यावर एका केंद्राशीं झालेला संपर्क एकदांच धरला जातो.

संपर्कांत प्रत्येकानें दुसऱ्यास दोन गोष्टी सांगावयाच्या: त्याचा आवाज कसा येतो, आणि आपण पृथ्वीच्या कोणत्या विभागांत आहों. ह्या कामासाठीं जगाचे ४० विभाग केलेले आहेत; भारताचा मुख्य भूभाग २२ व्या विभागांत आणि अंदमान २६ व्या विभागांत पडतो. दुसऱ्या खंडांतील केंद्राशीं संपर्क झाला तर तीन गुण मिळतात. आपल्याच खंडांतील दुसऱ्या देशाशीं झाला तर एक. उत्तर अमेरिकेपुरते मात्र दोन. आपल्याच देशांतील केंद्राशीं झाला तर गुण मिळत नाहीं. तथापि नवा देश व नवा विभाग म्हणून तो संपर्क उपयोगी पडतो. कारण प्रत्येक पट्ट्यावर जितके निरनिराळे देश आणि विभाग सांपडतील, तितक्यांच्या बेरजेनें गुणांस गुणावयाचें असतें.

उदाहरणार्थ, मुंबईच्या एका हौशी माणसानें युरोप, आफ्रिका आणि अमेरिका ह्या खंडांतील १०० केंद्रांशीं संपर्क साधला, असें समजावें. त्याचे गुण झाले ३००. त्यांत ३० देश आणि १० विभाग आले असतील, तर गुणक झाला ४०, आणि एकूण संख्या झाली १२,०००. आतां ह्या शंभरांतील एकच संकेतनाम त्यानें चुकीचें लिहिलें आहे, असें धरावें. त्या संपर्काचे तीन गुण जातात; शिवाय दंड म्हणून त्याच्या दुप्पट, म्हणजे सहा गुण आणखी कापले जातात. राहिले २९१. तें केंद्र त्या देशाचें एकुलतें एक असेल, तर गुणकहि ३९ वर येतो. हिशेब होतो ११,३४९. एका अक्षराच्या चुकीची किंमत झाली ६५१.

हा दंड कठोर वाटतो. परंतु चूक किती सहज होते हें पाहिलें म्हणजे त्याचें कारण कळतें. मोर्सच्या भाषेंत ‘व्ही’ हें अक्षर तीन टिंबें आणि एक रेघ ह्यांनीं होतें. ‘चार’ हा अंक चार टिंबें आणि एक रेघ ह्यांनीं होतो. कडकडाटांत एक टिंब अधिक ऐकलें गेलें, तर भारताचें ‘व्हीयू’ हें ‘फोर यू’ होऊन बसतें. आणि ‘फोर यू’ ही अक्षरें संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेलीं आहेत! एक टिंब जास्त पडलें कीं, पुण्याचें केंद्र राष्ट्रसंघांत जाऊन बसतें. दंड नसता, तर घाईंत अंदाजानें लिहून पुढें जाणें हाच फायद्याचा मार्ग ठरला असता. दंडामुळें पुन्हां विचारण्यांतच शहाणपण ठरतें. जो नियम प्रामाणिकपणा आणि फायदा ह्यांना एकाच दिशेला जुंपतो, तो नियम चांगला.

चूक कळते कशी, हेंहि पाहण्यासारखें आहे. स्पर्धा संपल्यावर पांच दिवसांच्या आंत प्रत्येकानें आपली नोंदवही स्पर्धेच्या समितीकडे पाठवावयाची असते. पूर्वीं कागदाचे गठ्ठे टपालानें जात, आणि तपासनीस महिनोन्‌महिने ते चाळीत बसत. आतां नोंदी एका ठराविक सांच्यांत संगणकावरून जातात, आणि संगणक हजारों वह्यांची एकमेकींशीं ताडणी करतो. मुंबईकरानें लिहिलें कीं, अमुक मिनिटाला फिनलंडच्या अमुक केंद्राशीं बोललों. तर फिनलंडच्या वहींत त्याच सुमारास, त्याच पट्ट्यावर मुंबईचें नांव आहे काय? नसेल, तर ती ओळ ‘दुसऱ्या वहींत नाहीं’ ह्या सदरांत जाते आणि दंडास पात्र होते. खुणेचा अंक चुकला असेल, तर संपर्क जातो, पण अधिक दंड होत नाहीं. तेंच केंद्र दोनदां आलें, तर दुसरी नोंद नुसती वगळतात. जें संकेतनाम साऱ्या जगांत एकट्याच्याच वहींत आढळतें, त्याकडे तपासनीस संशयानें पाहतात; पण तेवढ्यावरून शिक्षा करीत नाहींत, कारण एखादा नवशिका हौशी खरोखरच एका संपर्कानंतर यंत्र बंद करून जेवावयास गेलेला असूं शकतो.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. जिंकण्याची मुळींच आशा नसलेल्या, दहा-वीस संपर्क करून थांबलेल्या माणसाची वहीहि तितकीच मोलाची असते. त्यानें ती पाठविली, तर त्या दहा-वीस ओळी दुसऱ्या दहा-वीस जणांच्या सत्याच्या साक्षी होतात. म्हणूनच स्पर्धेंत नांव न घालतां केवळ ताडणीसाठीं वही पाठविण्याची सोय नियमांतच केलेली आहे. ज्या खेळांत शेवटचा खेळाडू पहिल्याचा साक्षीदार असतो, असे खेळ जगांत फार नाहींत.

तथापि मोह कोठें शिरतो, हें नियम करणाऱ्यांना चांगलें ठाऊक आहे. पहिला मोह शक्तीचा. स्पर्धेंत सहसा तीन वर्ग असतात: ५ वॅटपर्यंत, १०० वॅटपर्यंत आणि १५०० वॅटपर्यंत, शिवाय कोणालाहि आपल्या देशाच्या परवान्याबाहेर जातां येत नाहीं. १०० वॅटच्या वर्गांत नांव घालून कोणी शक्ति चोरून वाढविली, तर दूरच्या श्रोत्याला तें सहसा कळत नाहीं. दुसरा मोह वेळेचा. स्वीपस्टेक्सची मुदत तीस तासांची असते, पण त्यांतले चोवीसच तास खेळतां येतात; उरलेल्या वेळांत विश्रांति घ्यावी लागते, आणि ती प्रत्येक वेळीं निदान अर्ध्या तासाची असावी लागते. विश्रांतीच्या वेळांत केलेले संपर्क मागेंपुढें सरकवून लिहिणें ह्याला त्या जगांत ‘रबरी घड्याळ’ म्हणतात. ही लबाडी मात्र टिकत नाहीं. कारण समोरच्याच्या वहींत खरी वेळ लिहिलेली असते, आणि समोरचा एक नसून शंभर असतात.

तिसरा मोह मदतीचा. कोणतें दुर्मिळ केंद्र कोणत्या लहरीवर चालू आहे, हें क्षणाक्षणाला सांगणारीं जाळीं आतां जगभर पसरलेलीं आहेत. त्यांची मदत घेणाऱ्यांसाठीं बहुतेक मोठ्या स्पर्धांत वेगळा वर्ग असतो. जो ‘एकटा, मदतीशिवाय’ ह्या वर्गांत नांव घालतो, त्यानें आपल्या कानांवरच भिस्त ठेवावी, असा करार असतो. तो मोडणाराचीहि एक खूण मागें राहते. जाळ्यावर बातमी आली कीं, मिनिटाभरांत हा त्या लहरीवर हजर. असें दोन दिवस वारंवार घडलेलें वहींत दिसलें, तर समिति खुलासा मागते. आणखी असें कीं, समितीची मंडळी स्पर्धेच्या काळांत ठिकठिकाणीं संपूर्ण लहरपट्ट्यांचें ध्वनिमुद्रण करून ठेवतात, आणि अग्रक्रमांकाच्या स्पर्धकांजवळ त्यांचेंहि मुद्रण असावें असा नियम आहे. कोणीं कोणाला काय सांगितलें, हें मागाहून ऐकतां येतें. वह्याहि सर्वांस पाहण्यास खुल्या केल्या जातात. स्वतःची वही उद्यां शेजारी वाचणार आहे, हें ठाऊक असलें कीं, हात जपून लिहितो.

एवढें सर्व करूनहि एक जागा अशी उरते कीं, तेथें संगणक पोंचत नाहीं. स्पर्धेच्या दुसऱ्या रात्रीचे तीन वाजले आहेत. घरांतलीं माणसें केव्हांच निजलीं आहेत. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर आफ्रिकेंतून एक क्षीण हांक येते, आणि शेवटचें अक्षर गडगडाटांत बुडतें. तें ‘एस्’ होतें कीं ‘एच्’? तीन टिंबें कीं चार? पुन्हां विचारावें, तर मागें दहा जण खोळंबले आहेत आणि ते निघून जातील. माणूस अंदाजानें ‘एस्’ लिहितो आणि पुढें जातो. सोमवारीं झोंप पुरी झाल्यावर तो संकेतनामांची यादी चाळतो, तों त्याला दिसतें कीं, ‘एस्’ नांवाचें केंद्र त्या देशांत नाहींच. आहे तें ‘एच्’. वही अजून धाडावयाची आहे. एक अक्षर बदलावयाचा अवकाश, कीं ओळ खरी होणार, तीन गुण पदरांत पडणार, दंड टळणार. आणि जगांतल्या कोणालाहि कधीं कळणार नाहीं.

नियम सांगतो: बदलूं नये. यादी पाहून, ध्वनिमुद्रण ऐकून किंवा समोरच्यास पत्र लिहून स्पर्धेनंतर नोंद सुधारण्यास मनाई आहे. प्रथमदर्शनीं हें विचित्र वाटतें. चूक दुरुस्त करणें हें तर सर्वत्र चांगलें मानलें जातें! परंतु थोडा विचार केला म्हणजे नियमाचा रोख ध्यानांत येतो. स्पर्धा ही संकेतनामांच्या ज्ञानाची परीक्षा नव्हे. त्या घटकेला, त्या गडगडाटांत कानांनीं काय टिपलें, ह्याची ती परीक्षा आहे. मागाहून यादींतून मिळविलेलें अक्षर बरोबर असेल, पण तें ऐकलेलें नाहीं. नोंदवहींत तें घातलें, म्हणजे बरोबर अक्षरानें खोटी साक्ष दिली, असेंच होतें. परीक्षेचा तास संपल्यावर पुस्तक उघडून उत्तर सुधारणारा विद्यार्थी खरें उत्तर लिहितो, म्हणून कोणी त्याला प्रामाणिक म्हणत नाहीं. ती चुकीची ओळ तशीच पाठविणें आणि नऊ गुण निमूटपणें सोसणें, हेंच येथें खेळाडूपण होय.

खेळांतली सारीच असमानता नियमांनीं दूर होते, असें मात्र नाहीं. युरोपांतल्या माणसाच्या भोंवतीं डझनावारी देश दाटीवाटीनें बसलेले असतात. भारतांतल्या माणसाला ते दूरवरून गाठावे लागतात. एकाच्या शेतांत शंभर फुटांचा मनोरा, तर दुसऱ्याच्या चाळीच्या गच्चीवर कपडे वाळत घालण्याच्या दोरीशेजारीं एक तार. म्हणून निकाल खंडवार आणि देशवारहि लावतात. माणसाची तुलना सारख्या परिस्थितींतल्या माणसाशींच व्हावी, हा त्यांतला हेतु. ह्याहून पुढची पायरी म्हणजे १९९० साली सिॲटल शहरीं सुरू झालेली संघांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. २०१४ साली ती अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागांत झाली, तेव्हां दोघादोघांचे ५९ संघ उतरले होते. प्रत्येकाला सारख्याच उंचीचा मनोरा, सारखेंच एरियल आणि १०० वॅटची मर्यादा होती. प्रत्येक तंबूंत एक पंच बसलेला होता. स्पर्धेपुरतें संकेतनामहि प्रत्येक संघास आयत्या वेळीं बंद पाकिटांतून दिलें गेलें, म्हणजे ओळखीच्या मित्रांना आपला माणूस कोणता हें कळूं नये. आर्ड्रोसनच्या तंबूंतला साक्षीदार अशा रीतीनें नव्वद वर्षांनीं पुन्हां तंबूंत परतला. तथापि हा थाट काहीं थोड्यांसाठींच शक्य आहे. बाकीच्या सर्वांना आपली वही आणि आपली सद्बुद्धि ह्यांवरच चालवावें लागतें.

एवढ्या काटेकोरपणाचा व्यवहारांत उपयोग काय, असा प्रश्न घरांतली वडील माणसें विचारतील, आणि तो रास्त आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांचा चुराडा केला, तेव्हां निरोप पोंचविण्याच्या कामांत हौशी रेडिओवाले होते. २००४ च्या डिसेंबरांत हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचें पथक जगभरच्या हौशी मंडळींशीं संपर्क साधावा म्हणून अंदमानांत पोर्ट ब्लेअरला गेलें होतें. २६ तारखेस सुनामी आली. पथकानें संपर्कांची मोजदाद बाजूला ठेवली, आणि त्याच यंत्रांवरून बेटांवरील माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे धाडण्यास सुरुवात केली.

अशा वेळीं दुसऱ्या टोंकाला बसलेल्या माणसाजवळ यादी नसते, ध्वनिमुद्रण नसतें, आणि सोमवारीं सुधारण्याची सवडहि नसते. गडगडाटांतून एक नांव येतें, एका गांवाचें नांव येतें, आणि कोठेंतरी एक कुटुंब त्या कागदाची वाट पाहत असतें. तेथें एका अक्षराची चूक नऊ गुणांची नसते. ‘सुखरूप आहे’ हा निरोप भलत्याच दारीं जातो. ऐकलें तेवढेंच लिहावें, आणि न ऐकलेलें पुन्हां विचारावें, ही संवय त्या दिवशीं नव्यानें लागत नाहीं. ती कोणीं पाहत नसतांना, रात्रीं तीन वाजतां, नोंदवहीच्या एका ओळीवर लागलेली असते.